मृगातला तेजोमेघ टिपणारा डॉक्टर

हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी टिपलेली मृग नक्षत्रातील तेजोमेघाची छायाचित्रे आज मोबाइलवरही पाहता येतात. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायू आणि धुळीच्या ढगात नवे तारे जन्म घेत आहेत. त्याचे पहिले छायाचित्र काढले ते एका डॉक्टरने. त्यांचे नाव हेन्री ड्रेपर.

ड्रेपर यांचा जन्म १८३७ मध्ये अमेरिकेत झाला. वयाच्या विसाव्या वर्षीच त्यांचा वैद्यकीय अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण पदवी मिळण्यासाठी वय कमी पडले. मग ते युरोपला गेले. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांची अजस्र दुर्बीण पाहिली आणि आपणही दुर्बीण बनवायची, हा ध्यास घेऊनच ते परतले. काही काळ न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली. १८६७ मध्ये अ‍ॅना पामर यांच्याशी विवाह झाला. पुढे वेधशाळेतल्या कामात अ‍ॅना त्यांच्या सहकारी झाल्या.

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. छायाचित्राची काच मात्र मिनिटामिनिटाने तो साठवत जाते. अडचण एवढीच, की पृथ्वी फिरत असल्याने दुर्बीणही तितक्याच अचूकपणे ताऱ्यांमागे फिरवावी लागते. ३० सप्टेंबर १८८० रोजी ड्रेपर यांनी ५१ मिनिटे हे साधले. मार्च १८८२ मध्ये १३७ मिनिटे प्रकाश टिपला, तेव्हा तेजोमेघाच्या अंधूक कडाही उमटल्या.

त्याच वर्षी शिकारीसाठी रॉकी पर्वतात गेले असताना ते हिमवादळात सापडले. परतल्यावर दोन्ही फुफ्फुसांच्या आवरणांना दाह झाला. प्रतिजैविके वापरात यायला अजून साठेक वर्षे होती. २० नोव्हेंबर १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

अ‍ॅना यांनी काम थांबू दिले नाही. १८८६ पासून त्यांनी हार्वर्ड वेधशाळेला पतीच्या स्मरणार्थ निधी दिला. त्यातून सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांची वर्गवारी झाली. ती सूची आजही ड्रेपर यांच्याच नावाने ओळखली जाते.

हिवाळ्यात मृगातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो तेवढाच दिसणार. त्यातले सौंदर्य उलगडते ते थेंबाथेंबाने साठवलेल्या प्रकाशातून, आणि ती वाट ५१ मिनिटांच्या त्या काचेपासून सुरू झाली.