स्वतः न हसता हसवणारे पु. ल.

स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात एक गोष्ट हमखास घडते. विनोदी वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधीच बोलणाऱ्याला हसू फुटते, मग ते समोरच्याला लागते आणि प्रवेश तिथेच कोलमडतो. पालक हसतात, टाळ्याही वाजवतात, पण त्या नाटकाला नसतात.

मोठमोठ्या नटांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेत १९६७ ते १९७८ या काळात कॅरोल बर्नेट यांचा प्रहसनांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर फार गाजला. त्यात टिम कॉनवे हा नट ऐनवेळी काहीतरी भलतेच करायचा आणि त्याचा जोडीदार हार्वे कॉर्मन हसू दाबता दाबता हैराण व्हायचा. दातांच्या डॉक्टरचे त्यांचे एक प्रहसन प्रसिद्ध आहे. त्यात कॉनवे बधिर करण्याचे इंजेक्शन रोग्याऐवजी चुकून स्वतःच्याच हातात टोचून घेतो. खुर्चीत बसलेल्या कॉर्मनची तेव्हा जी अवस्था झाली, ती पाहण्यासाठी लोक आजही ते प्रहसन लावतात.

मराठीत मात्र हसू आवरण्याची कला ज्यांनी फार वरच्या पायरीवर नेली, ते पु. ल. देशपांडे आपल्याला अगदी जवळचे आहेत. या अंकात त्यांच्याविषयी लिहिण्याचे आम्ही ठरवले ते त्यासाठीच.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे चंदगडकडचे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे पु. लं.वर थोडा हक्क सांगायला आपल्याला हरकत नसावी! बालपण पार्ल्यात गेले. पेटीचा नाद लहानपणीच लागला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने शिकवण्या आणि नोकऱ्या करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी. ए. आणि सांगलीच्या विलिंग्डनमधून एम. ए. झाले. १९४६ साली सुनीताबाईंशी लग्न झाले. पुढे नाटके आली, चित्रपट आले. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती'चे लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सगळे त्यांनी एकट्याने पेलले.

१९५५ साली ते आकाशवाणीत गेले. त्याआधी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते मराठीचे प्राध्यापक होते. या वास्तव्यातले धागे पुढे त्यांच्या लेखनात दिसतात. 'गणगोत' या पुस्तकातला 'रावसाहेब' हा लेख आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचला वा ऐकला गेला असेल. बेळगावचे कृष्णराव हरिहर हे ते रावसाहेब. नाटक-सिनेमाच्या धंद्यातला माणूस, गाण्याचा वेडा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखा. त्यांचे मराठी कानडीच्या वळणाचे. लिंग-वचनाचा घोळ, वाक्याला मध्येच दिलेला कानडी हेल, हे सारे पु. लं.नी टिपले आणि पुढे अभिवाचनात जसेच्या तसे उभे केले.

आता यात एक धोका होता. आपल्या भागातली मुले पुण्या-मुंबईला शिकायला गेली की त्यांच्या बोलण्याला हसणारे भेटतात, हे अनेक पालकांना ठाऊक आहे. हा हेल काढून टाळ्या घेणे अगदी सोपे. वाचणारा स्वतःच खुदकन हसला असता, तर रावसाहेबांची टिंगल झाली असती. पु. ल. तसे करीत नाहीत. ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐका. श्रोते हसतात, पु. ल. थांबतात, हशा ओसरू देतात आणि मग त्याच सुरात रावसाहेब पुढे बोलू लागतात. रावसाहेबांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखे काहीच नाही. त्यांना जे सांगायचे आहे ते अगदी कळकळीचे आहे. ती कळकळ पु. ल. शेवटपर्यंत सुटू देत नाहीत. म्हणूनच लेख संपता संपता हसणाऱ्याचेच डोळे ओलावतात. आमच्या मते मराठीत आपल्या बोलीचा याहून मोठा मान कोणी केलेला नाही.

हीच शिस्त त्यांच्या रंगभूमीवरच्या कामात होती. १९५८ साली 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून ते एकटेच तिचे प्रयोग करू लागले. वेष बदलायचा नाही, दाढी-मिशा लावायच्या नाहीत. आवाज, मान आणि हात एवढ्यावर अण्णा पावशे, सोकाजी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव अशी अख्खी चाळ उभी करायची. अशा प्रयोगात नट क्षणभर जरी भूमिकेतून सुटला, तरी सावरून घ्यायला दुसरे कोणी नसते. 'वाऱ्यावरची वरात' १९६२ सालची. तीत सोबत इतर कलावंत होते. त्यातला न्यायालयातला साक्षीदार आठवा. वकील जितका चिडतो तितका हा साक्षीदार निरागस होत जातो. दोघांपैकी एकजण जरी हसला असता, तरी सगळा डाव फसला असता. या प्रयोगांमागची कडक शिस्त सुनीताबाईंची होती, हेही सांगितले पाहिजे. रंगमंचावर आणि व्यवहारातही त्या ढिलाई चालू देत नसत.

तरीही पु. ल. भूमिकेतून बाहेर येत नसत असे नाही. येत, पण स्वतः ठरवून. 'चाळी'चा शेवट 'चिंतना'ने होतो. तिथे नकला थांबतात आणि मोडत चाललेल्या त्या जगाविषयीची हळहळ उरते. प्रयोगांना गर्दी होत असतानाच त्यांनी ते थांबवले. मिळालेल्या पैशांतून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभे राहिले आणि त्यातून अनेक संस्थांना देणग्या गेल्या. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला त्यांचा मोठा हातभार होता.

१९७५ साली आणीबाणी आली. १९७७ च्या निवडणुकीत हा विनोदी लेखक सभांच्या व्यासपीठावर उभा राहिला आणि विचारस्वातंत्र्यासाठी बोलला. लोक हसायला जात आणि गंभीर होऊन परतत. सरकार बदलले, तेव्हा कोणतेही पद न मागता ते पुन्हा आपल्या लेखनाकडे वळले. १९९६ साली त्यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. पार्किन्सनच्या आजाराने शरीर थकले होते, तरी पुरस्कार देणाऱ्या सरकारला चार खडे बोल सुनवायला ते कचरले नाहीत. त्यावरून वादळ उठले. उठणार हे त्यांना ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही.

दूरचित्रवाणीशीही त्यांचा संबंध अगदी आरंभापासूनचा. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत ते होते आणि पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली होती. मात्र आजच्या मुलांपर्यंत ते पोहोचतात ते बहुधा आजी-आजोबांच्या कॅसेटमधून किंवा आई-बाबांच्या मोबाईलमधून.

१२ जून २००० रोजी पुण्यात पु. लं.चे निधन झाले. सुनीताबाईंशी लग्न झाले होते तेही १२ जूनलाच, चोपन्न वर्षांपूर्वी.