गाडगेबाबांचा खराटा आणि आपले घर

सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. सोबत विषयही सुचवला होता : कमी खर्चात घर स्वच्छ आणि नीटनेटके कसे ठेवावे. आता या विषयात आमच्या पिढीच्या पुरुषांनी बायकांना काय शिकवावे! नळावरचे पांढरे डाग लिंबाच्या सालीने जातात, खिडकीची काच ओल्या वर्तमानपत्राने लख्ख होते, हे त्यांना आपल्या आधीपासून माहीत आहे. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. या विषयातला सर्वांत मोठा माणूस आपल्याच विदर्भातला आणि गंमत अशी, की त्याला स्वतःचे घर नव्हते. त्या गाडगेबाबांचे चरित्र थोडक्यात सांगतो. शेवटी आपल्या इमारतीकडेही येऊ.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे पाळण्यातले नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. घर परिटाचे, म्हणजे गावाचे कपडे धुण्याचा पिढीजात धंदा. वडील दारूपायी खंगले आणि देबू लहान असतानाच गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला आली. तिथे मामाच्या वावरात देबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचे तोंड पाहिले नाही, पण गोठा झाडणे, बैल धुणे, जमीन राखणे यांत त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. सणावाराला पोरे जमवून भजन करायचे, हीसुद्धा सवय तेव्हाचीच.

मामाने सावकाराकडून कर्ज काढले होते. लिहिणेवाचणे येत नव्हते, कागदावर काय आहे ते सावकारालाच ठाऊक. फेडत राहिले तरी फिटेना, आणि शेवटी जमीन गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांना तरुण देबूने परतवून लावले, असे चरित्रकार सांगतात. पण घराची जी पडझड व्हायची ती झालीच. माझी सारी नोकरी बँकेत, कर्जाच्या फायली बघण्यात गेली. म्हणून बाबांच्या चरित्रातला हा भाग मी नेहमी थांबून वाचतो. पुढे आयुष्यभर ते कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा या दोन गोष्टी एका दमात का सांगत राहिले, त्याचे उत्तर या वावरात आहे.

लग्न लहान वयातच कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना दारू आणि मटण द्यायची रीत होती. देबूने गोडाचे जेवण वाढले. लोक चिडले, बोलले, पण तो बधला नाही. ज्या दारूने बाप नेला ती मुलीच्या बारशाला वाढायची नाही, एवढे त्याचे ठरले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आई, बायको आणि लेकरे मागे ठेवून देबूजी घराबाहेर पडले. घरच्या माणसांना ते किती जड गेले असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर ते पुन्हा संसारात परतले नाहीत. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. तेच पाण्याचे भांडे आणि तेच जेवायचे ताट. लोक कुठे गोधडीबुवा म्हणत, कुठे चिंध्येबुवा. गाडग्यामुळे पडलेले नाव मात्र टिकले.

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. नव्या गावात शिरले की कोणाची ओळख करून घ्यायची नाही, मुक्कामाची सोय विचारायची नाही. सरळ रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेले असेल तर ते मोकळे करायचे, शेण पडले असेल तर उचलायचे. सुरुवातीला लोकांना वाटे कोणी वेडा आला. मग एखादा लाजेने पुढे होई, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत अर्धे गाव घमेली उचलत असे. भाकरी मागायच्या आधी त्या घराचे काही काम करायचे, लाकडे फोडायची नाहीतर अंगण झाडायचे, हा त्यांचा शिरस्ता. फुकटची भाकर त्यांना चालत नसे.

यात खर्च काय? खराटा, कुदळ, घमेले आणि दोन हात. खराटासुद्धा रानातल्या काड्यांचा. भांड्याला राख, जमिनीला शेण, भिंतीला चुना या गोष्टी गरिबातल्या गरिबाच्या दारात होत्या. गाव घाण होते ते पैसा नाही म्हणून नाही, तर झाडण्याचे काम आपले नाही असे प्रत्येकाला वाटते म्हणून, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे झाडणे हे काम काही जातींच्या माथी मारले आणि मग झाडणाऱ्यालाच हलका ठरवले. ज्याने लहानपणी लोकांचे मळके कपडे पाहिले, त्याला हा खोटेपणा आतून कळला होता. म्हणून त्यांनी खराट्यावर व्याख्यान दिले नाही, तो हातात घेतला. पाटील, देशमुख, मास्तर त्यांच्या मागोमाग वाकले, तेव्हा गाव तर साफ झालेच, पण त्याहून मोठे एक जळमट निघाले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीचा उतार चिखलाचा, बायामाणसे घसरून पडत. दरवर्षी हजारो लोक तो चिखल तुडवीत आणि घरी जात. बाबांनी पहिल्यांदा स्वतः माती आणि मुरूम टाकून वाट केली, आणि पुढे लोकवर्गणीतून तिथे पक्का घाट उभा राहिला. गावाचे नावच ऋणमोचन, म्हणजे कर्जातून सुटका. सावकारापायी ज्याचे घर बसले, त्याचे पहिले मोठे काम त्या नावाच्या गावी व्हावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

दिवसभर गाव झाडले की रात्री कीर्तन. गोपालाचा गजर सुरू व्हायचा आणि मग आपल्या वऱ्हाडी बोलीत बाबा लोकांना प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. त्यांत पोथीतले कमी आणि घरातले जास्त. देवाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका. लग्नासाठी कर्ज काढू नका. जेवायचे ताट नसेल तर हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला. घर झाडा, अंगण झाडा, पाणी झाकून ठेवा. श्रोत्यांत रावापासून रंकापर्यंत सगळे असत आणि आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारखी बोलण्यालिहिण्यात कोणाला न हार जाणारी माणसेही या निरक्षर कीर्तनकारापुढे नमली. आमच्या वयाच्या लोकांना १९७७ सालचा ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आठवत असेल. डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले होते.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला. ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. याचे काही लोक कौतुक करतात, काहींना ते कठोर वाटते. मला वाटते, घर सोडण्याची किंमत काय असते ती त्या रात्री त्यांनी मोजली, आणि मोजून पुन्हा खराटा उचलला.

आता एका गोष्टीकडे बँकवाल्याच्या नजरेने लक्ष वेधतो. बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, खेड्यातून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण दलित वारकऱ्यांना इतरत्र उतरू देत नसत. गोरक्षण, सदावर्त, वसतिगृहे, शाळा हे वेगळेच. लाखोंची कामे झाली, पण स्वतः पैशाला हात लावायचा नाही, व्यवहार विश्वस्तांनी बघायचा, आणि या मालमत्तेवर आपल्या घरच्यांचा हक्क ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले ते या संस्था नीट चालाव्यात म्हणून. पंढरपूरची इमारत तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. इमारत बांधणे सोपे असते, तिची निगा कोण राखणार हे आधी ठरवणे अवघड. सही न येणाऱ्या माणसाला ते समजले होते.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीत आज जो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो तिथे त्यांची समाधी आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि कितीतरी गावांनी सरकारी पैशाची वाट न बघता श्रमदानाने आपले रूप पालटले.

हे सगळे सोसायटीच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर आपल्या जिन्यात आहे. पंचवीस वर्षांत प्रत्येकाचा फ्लॅट आतून नवा झाला. टाइल्स बदलल्या, मॉड्युलर किचन आले, काहींनी त्यासाठी कर्जही काढले. दाराच्या बाहेरचा जिना मात्र कोणाचाच नाही. सफाईवाला दोन दिवस गावी गेला की कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पन्न्या आणि धूळ साचते, आणि आपण त्यावरून पाय उचलून जातो. आमसभेत मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा म्हटले की तासभर वाद होतो, पण शंभर रुपयांचा खराटा घ्यायचे कोणी सुचवत नाही.

बाबांनी चिंधीला चिंधी जोडून सदरा वर्षानुवर्षे चालवला. फाटले की लगेच टाका, म्हणजे नवे घ्यावे लागत नाही. इमारतीलाही तेच लागू आहे. आपल्या नागपूरच्या हवेत चार कामे वेळेवर झाली तर मोठा खर्च टळतो. मृगाआधी गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या जाळ्या साफ करायच्या, नाहीतर पाणी तुंबून वरच्या मजल्याचा स्लॅब गळतो. पाइपाच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले की ते बोटभर असतानाच मुळासकट काढायचे. पुढच्या वर्षी तेच भिंत फाडते आणि मिस्त्री हजारांचे बिल लावतो. उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्यात फेव्हिकॉल कालवून दोन हात मारले की वरच्या घरांत उन्हाची धग कमी होते, आणि हे काम आपली तरुण पोरे एका सकाळी करू शकतात. कुलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची आणि कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि तो फ्लॅट नंबर बघून चावत नाही.

यातले कोणतेही काम महाग नाही. महाग वाटते ते वाकणे. कारण वाकलो तर शेजारी काय म्हणेल! आणि आपला सफाई कामगार रोज वाकतो त्याला आपण कपभर चहा, सणाला पगारी सुट्टी आणि आदराने हाक देतो का, हेही विचारले पाहिजे. बाबांच्या हातातल्या खराट्याने झाडणाऱ्याचा मान वाढवला होता. आपल्या इमारतीत तो मान कमी होत असेल, तर त्यांची तसबीर ऑफिसात लावून उपयोग नाही.

माझी एक साधी सूचना आहे. येत्या २३ फेब्रुवारीला, बाबांच्या जयंतीला, सकाळी सात ते नऊ आपण सगळ्यांनी आपापला जिना, पार्किंग आणि गच्ची झाडावी. अध्यक्ष, सचिव, डॉक्टर, इंजिनिअर, शाळकरी मुले, सगळ्यांनी. त्या दिवशी सफाई कामगाराला पगारी सुट्टी द्यावी आणि दुपारच्या जेवणाला त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवावे. खर्च आठदहा खराट्यांचा आणि एका जेवणाचा. एकदा जमले तर महिन्यातून एक रविवार करू.

संस्थापक सभासदांपैकी जे आज आपल्यात नाहीत त्यांना आदरांजली वाहतो आणि सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मनापासून शुभेच्छा देतो. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायला मी असेन की नाही ठाऊक नाही, पण जिना स्वच्छ असावा एवढी इच्छा आहे.