जॉन न्यूटन : क्षमा आणि भरपाई

अपराध्याने अपराध कबूल करावा, हानी भरून देऊन वर पंचमांश द्यावा, असा दंडक 'गणना' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात आहे. लूककृत शुभवर्तमानातील जक्कयही चौपट परतफेडीस सिद्ध होतो. क्षमा आणि भरपाई यांचे हे नाते जॉन न्यूटन (१७२५-१८०७) या इंग्रज दर्यावर्दीच्या चरित्रात दीर्घकाळ तुटलेले दिसते. १७४८ मध्ये सागरी वादळातून वाचल्यावर त्याला ईश्वरी कृपेची जाणीव झाली. तरीही १७५० ते १७५४ या काळात गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. समुद्र सुटला तो प्रकृतीच्या कारणाने. १७६४ मध्ये तो ओल्नी येथे धर्मोपदेशक झाला. 'अमेझिंग ग्रेस' हे त्याचे कृपास्तोत्र १७७३ च्या आरंभीचे. गुलामांच्या व्यापारातील सहभागाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त करणारी पुस्तिका मात्र १७८८ ची. कृपेची जाणीव आणि कबुली यांत चाळीस वर्षे गेली. पुढे त्याने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये हा व्यापार बंद केला. त्याच वर्षाअखेर न्यूटन निवर्तला. त्याच्या साक्षीने कबुलीची अट पुरी झाली, असे म्हणता येईल. परंतु ज्यांना त्याने विकले, त्यांचा पंचमांश देणे राहूनच गेला.