व्हिन्स लोम्बार्डी

व्हिन्सेंट थॉमस लोम्बार्डी (जन्म : ११ जून १९१३, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, मृत्यू : ३ सप्टेंबर १९७०, वॉशिंग्टन) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू आणि प्रशिक्षक होते. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ग्रीन बे पॅकर्स या संघाला त्यांनी १९६१ ते १९६७ या काळात पाच अजिंक्यपदे आणि पहिले दोन सुपर बोल जिंकून दिले. मोजक्या चाली निर्दोषपणे खेळणारे आक्रमण ही त्यांच्या संघाची ओळख होती. अशा आक्रमणात प्रत्येक जागेवरील खेळाडूचे काम काटेकोरपणे ठरलेले असल्यामुळे, एखादा खेळाडू जायबंदी झाला किंवा संघ सोडून गेला की संपूर्ण रचनेला हादरा बसत असे. टाइट एंड या जागेच्या बाबतीत हे विशेष खरे होते. म्हणूनच लोम्बार्डी यांची कारकीर्द ही त्यांनी उभारलेल्या आक्रमणाबरोबरच ते पुन्हा पुन्हा सावरून धरण्याचीही कथा आहे.

बालपण आणि शिक्षण

लोम्बार्डी यांचा जन्म ब्रुकलिनमधील शीप्सहेड बे भागात इटालियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते थोरले होते. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने त्यांनी काही वर्षे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या शाळेत घालवली. पुढे तो मार्ग सोडून ते सेंट फ्रान्सिस शाळेत दाखल झाले आणि तेथे फुटबॉल खेळू लागले. १९३३ मध्ये त्यांनी फोर्डम विद्यापीठात प्रवेश घेतला.

फोर्डमच्या संघात ते गार्ड या जागेवर खेळत. या जागेच्या मानाने त्यांची शरीरयष्टी लहान होती. १९३६ मधील त्या संघाची आघाडीची फळी ग्रॅनाइटचे सात चिरे या टोपणनावाने देशभर गाजली. त्या काळी तेच खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्ही करीत. पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्यात लोम्बार्डी यांचे काही दात पडले आणि तोंडात खोल जखम झाली. त्यामुळे बराच वेळ ते बाहेर बसले. परंतु प्रतिस्पर्धी गोलरेषेजवळ येताच त्यांना पुन्हा मैदानात बोलावण्यात आले. फोर्डमने ती चढाई रोखली आणि सामना ०-० असा बरोबरीत सुटला. दुखापत सोसून खेळण्याविषयीची त्यांची पुढील काळातील कठोर भूमिका या वयातील अनुभवांशी सुसंगत होती. १९३७ मध्ये ते पदवीधर झाले.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात

१९३९ मध्ये न्यू जर्सीतील एंगलवूड येथील सेंट सिसिलिया शाळेत त्यांना शिक्षक आणि साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नोकरी मिळाली. ते लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवीत. १९४० मध्ये त्यांचा मेरी प्लॅनिट्झ यांच्याशी विवाह झाला. १९४२ मध्ये ते त्या शाळेच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९४७ पासून दोन हंगाम फोर्डममध्ये काम केल्यानंतर १९४९ मध्ये ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत रेड ब्लेक यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

१९५१ मध्ये परीक्षेतील गैरप्रकारांमुळे अकादमीतून अनेक छात्रांना काढून टाकण्यात आले आणि त्यांत फुटबॉल संघातील बहुतेक प्रमुख खेळाडू होते. आदल्या वर्षी केवळ एक सामना गमावलेल्या या संघाने त्या हंगामात सात सामने गमावले आणि फक्त दोन जिंकले. उरलेल्या अननुभवी खेळाडूंना घेऊन संघ नव्याने घडवण्याच्या कामात लोम्बार्डी यांचा सहभाग होता. १९५३ मध्ये अकादमीचा संघ सात विजय आणि एक पराभव अशा कामगिरीपर्यंत पोहोचला.

१९५४ मध्ये ते न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात आक्रमणाचे प्रशिक्षक झाले. बचावाचे प्रशिक्षक म्हणून टॉम लँड्री हे त्यांचे सहकारी होते. जायंट्सने १९५६ चे अजिंक्यपद शिकागो बेअर्सचा ४७-७ असा पराभव करून मिळवले.

ग्रीन बे आणि पॉवर स्वीप

१९५९ च्या प्रारंभी लोम्बार्डी विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक आणि सरव्यवस्थापक झाले. १९५८ मध्ये या संघाने बारापैकी केवळ एक सामना जिंकला होता. लोम्बार्डी यांच्या पहिल्याच हंगामात संघाने सात सामने जिंकले. १९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सकडून तो १७-१३ असा पराभूत झाला. त्यानंतर लोम्बार्डी यांच्या हाताखाली पॅकर्सने बाद फेरीतील एकही सामना गमावला नाही.

या संघाच्या आक्रमणाचा कणा पॉवर स्वीप ही चाल होती. तीत चेंडू घेतलेला हाफबॅक आघाडीच्या फळीच्या बाहेरून वळसा घेऊन धावत असे. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड आपली जागा सोडून त्याच्या पुढे धावत आणि वाट मोकळी करीत. फुलबॅक जिम टेलर बचावाच्या टोकाच्या खेळाडूला अडवीत असे, तर सेंटर जिम रिंगो मधली फट बुजवीत असे. चालीचे यश मात्र टाइट एंडवर अवलंबून असे.

टाइट एंड हा आघाडीच्या फळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू असतो. त्याला पास झेलावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवावेही लागते. लोम्बार्डी यांच्या रचनेत त्याने समोरच्या लाइनबॅकरला ठरावीक दिशेला ढकलणे अपेक्षित नव्हते. लाइनबॅकर ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला त्याला रेटत न्यायचे होते. लाइनबॅकर बाहेर गेला तर हाफबॅक आतून निसटे आणि आत गेला तर बाहेरून. टाइट एंडला लाइनबॅकर आवरला नाही तर पुढे धावणाऱ्या गार्डपैकी एकाला तिथेच अडकून पडावे लागे आणि धावणाऱ्यापुढची वाट बंद होई. तोच खेळाडू धोकादायक पास झेलणाराही असेल, तर स्वीप थोपवण्यासाठी पुढे सरसावलेला बचाव त्याच्या पासला बळी पडे. या जागेवर बळ आणि झेल हे दोन्ही गुण एकत्र असणे म्हणूनच आवश्यक होते.

रॉन क्रेमर यांचा काळ

असा खेळाडू पॅकर्सकडे आधीपासून होता, पण तो हाती यायला वेळ लागला. मिशिगन विद्यापीठाचे रॉन क्रेमर यांना संघाने १९५७ मध्ये पहिल्याच फेरीत निवडले होते. पहिल्या हंगामाच्या अखेरीस त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली, पुढचे वर्ष हवाई दलाच्या सेवेत गेले आणि १९५९ मध्येही त्यांना फारसे खेळता आले नाही. तोवर ही जागा मुख्यतः गॅरी नाफेल यांनी सांभाळली. ते पास चांगले झेलत, परंतु अंगाने क्रेमर यांच्याइतके दणकट नव्हते. १९६१ मध्ये क्रेमर नियमित खेळू लागले आणि स्वीपला तिचे पूर्ण रूप आले.

त्याच हंगामात गार्ड जेरी क्रेमर यांचा पाय जायबंदी झाला. लोम्बार्डी यांनी उजवे टॅकल फॉरेस्ट ग्रेग यांना गार्डच्या जागी आणले आणि ग्रेग यांची जागा नॉर्म मास्टर्स यांना दिली. एका दुखापतीमुळे दोन जागा बदलल्या, तरी चाली त्याच राहिल्या. अंतिम सामन्यात पॅकर्सने जायंट्सचा ३७-० असा धुव्वा उडवला. रॉन क्रेमर यांनी त्यात दोन टचडाउन केले. १९६२ मध्ये हाफबॅक पॉल हॉर्नंग यांचा गुडघा दुखावल्याने टॉम मूर धावू लागले, तर हॉर्नंग यांच्याकडील किक मारण्याचे काम गार्ड जेरी क्रेमर यांच्याकडे आले. न्यू यॉर्कच्या बोचऱ्या वाऱ्यात झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी तीन फील्ड गोल केले आणि पॅकर्सने जायंट्सवर १६-७ असा विजय मिळवला. त्या हंगामात संघाने चौदापैकी तेरा सामने जिंकले व ४१५ गुण केले. रॉन क्रेमर यांनी ३७ पास झेलून ७ टचडाउन केले.

दुखापतींची वर्षे

१९६३ मध्ये जुगारप्रकरणी हॉर्नंग निलंबित झाले, क्वार्टरबॅक बार्ट स्टार यांचा हात मोडला आणि पॅकर्सला बेअर्सच्या मागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. १९६४ मध्ये रिंगो फिलाडेल्फियाला गेले, तर पोटाच्या आजारामुळे जेरी क्रेमर जवळपास संपूर्ण हंगामाला मुकले. हंगाम संपताच रॉन क्रेमर यांनी संघ सोडला आणि ते डेट्रॉइट लायन्सकडून खेळू लागले. मोबदल्यात पॅकर्सला पुढील निवडप्रक्रियेतील पहिल्या फेरीचा हक्क मिळाला, परंतु १९६५ च्या हंगामासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता.

त्या काळी एका संघात चाळीसच्या आसपासच खेळाडू ठेवता येत आणि बहुतेक जागांना जेमतेम एक राखीव खेळाडू असे. लोम्बार्डी यांनी तरुण मार्व्ह फ्लेमिंग यांना टाइट एंडची जागा दिली. फ्लेमिंग अडवण्यात भक्कम होते, पण पास झेलण्यात क्रेमर यांची बरोबरी करणारे नव्हते. त्यांना जोड म्हणून बिल अँडरसन यांना संघात घेण्यात आले. वॉशिंग्टनकडून सहा हंगाम खेळलेले अँडरसन १९६४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपासून दूर होते. १९६५ मध्ये संघाने ३१६ गुण केले, म्हणजे १९६२ पेक्षा सुमारे शंभराने कमी. या घसरणीमागे हॉर्नंग आणि टेलर यांच्या दुखापती व आघाडीच्या फळीतील बदल हीदेखील कारणे होती. त्या हंगामात संघ प्रामुख्याने बचावाच्या बळावर टिकून राहिला.

बाल्टिमोर कोल्ट्सशी बरोबरी झाल्यामुळे २६ डिसेंबर १९६५ रोजी ग्रीन बे येथे निर्णायक सामना खेळवण्यात आला. पहिल्याच चालीत स्टार यांचा पास झेललेल्या अँडरसन यांच्या हातून चेंडू निसटला. कोल्ट्सच्या डॉन शिनिक यांनी तो उचलून टचडाउन केला आणि त्यांना अडवू पाहणारे स्टार जायबंदी झाले. उर्वरित सामना राखीव क्वार्टरबॅक झेक ब्रॅटकोव्स्की खेळले. कोल्ट्सची अवस्था याहून बिकट होती. जॉनी युनिटास आणि गॅरी क्युओझो हे त्यांचे दोन्ही क्वार्टरबॅक दुखापतग्रस्त असल्याने हाफबॅक टॉम मॅटे यांना मनगटाच्या पट्टीवर चाली लिहून खेळावे लागले. पहिल्या चुकीनंतरही अँडरसन यांना बाहेर बसवण्यात आले नाही; त्यांनी एकूण आठ पास झेलले. पॅकर्सने जादा वेळेत फील्ड गोल करून १३-१० असा विजय मिळवला. पुढच्या रविवारी क्लीव्हलँड ब्राउन्सला २३-१२ असे नमवून त्यांनी अजिंक्यपद पटकावले.

सुपर बोल

१५ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या पहिल्या सुपर बोलमध्ये बॉइड डाउलर यांचा खांदा सुरुवातीलाच दुखावला. त्यांच्या जागी आलेले ज्येष्ठ राखीव खेळाडू मॅक्स मॅगी यांनी सात पास झेलून दोन टचडाउन केले आणि पॅकर्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ३५-१० असा पराभव केला. त्यानंतर टेलर व हॉर्नंग दोघेही संघाबाहेर गेले. १९६७ च्या हंगामात त्यांच्या जागी आलेले जिम ग्रॅबोव्स्की आणि एलिजा पिट्स कोल्ट्सविरुद्धच्या एकाच सामन्यात जायबंदी झाले. ग्रॅबोव्स्की हे रॉन क्रेमर यांच्या मोबदल्यात मिळालेल्या हक्कातून निवडलेले खेळाडू होते. लोम्बार्डी यांनी जायंट्सने सोडलेल्या चक मर्सीन यांना हंगामाच्या मध्यात करारबद्ध केले. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश सेल्सियसच्या थंडीत डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेल्या सामन्यात शेवटच्या ६८ यार्डांच्या चढाईतील ३४ यार्ड मर्सीन यांचे होते. स्टार यांनी तेरा सेकंद बाकी असताना टचडाउन करून सामना २१-१७ असा जिंकून दिला. दोन आठवड्यांनी पॅकर्सने ओकलंड रेडर्सचा ३३-१४ असा पराभव करून दुसरा सुपर बोल जिंकला.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

त्यानंतर लोम्बार्डी यांनी प्रशिक्षकपद सोडले आणि १९६८ मध्ये ते केवळ सरव्यवस्थापक राहिले. १९६९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या संघाची सूत्रे हाती घेतली. येथील टाइट एंड जेरी स्मिथ हे अडवण्यापेक्षा पास झेलण्यात निपुण होते आणि क्वार्टरबॅक सॉनी युर्गेन्सन हे उत्कृष्ट पास करणारे होते. स्वीपवर भिस्त ठेवणाऱ्या लोम्बार्डी यांनी या संघाच्या आक्रमणात पासला मोठे स्थान दिले. संघाने सात विजय मिळवले व पाच सामने गमावले. १९५५ नंतर प्रथमच त्याचे विजय पराभवांपेक्षा अधिक झाले.

१९७० च्या जून महिन्यात त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ३ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

लोम्बार्डी यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून एनएफएलच्या नियमित हंगामांत ९६ सामने जिंकले, ३४ गमावले आणि ६ बरोबरीत सोडवले. बाद फेरीत त्यांना दहापैकी नऊ सामन्यांत यश मिळाले. त्यांच्या निधनानंतर सुपर बोलच्या विजेत्याला दिल्या जाणाऱ्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९७१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

किरकोळ दुखापतींकडे दुर्लक्ष करून खेळण्याची त्यांची सक्ती आजच्या वैद्यकीय दृष्टिकोनातून टीकेचा विषय ठरते. राखीव खेळाडूंच्या वापरातील त्यांचे कौशल्य मात्र निर्विवाद आहे. त्यांच्या सरावात राखीव खेळाडूलाही नियमित खेळाडूइतक्याच बारकाईने चाली आत्मसात कराव्या लागत. त्यामुळे माणूस बदलला तरी चाल बदलावी लागत नसे. टाइट एंडच्या जागेवर रॉन क्रेमर यांच्या तोडीचा खेळाडू त्यांना पुन्हा मिळाला नाही. तरीही त्यांच्या पाचपैकी तीन अजिंक्यपदे क्रेमर गेल्यानंतरची आहेत.