डॉ. ल्यूसी विल्स : ताटात औषध शोधणाऱ्या संशोधक

रुग्णाला कोणते औषध द्यावे हे डॉक्टर जाणतात. परंतु त्याच्या ताटात काय असते, हे विचारणारे डॉक्टर थोडेच. डॉ. ल्यूसी विल्स या अशा थोड्यांपैकी होत.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून पुढे त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० साली लंडनमध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईच्या हाफकिन संस्थेत संशोधनासाठी आल्या. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई व त्यात अनेक माता दगावत. गरीब मुस्लिम भगिनींत हे प्रमाण विशेष होते.

विल्सबाईंनी प्रथम जंतूंचा शोध घेतला; ते कारण ठरले नाही. मग त्यांनी या स्त्रियांचा आहार तपासला. त्यात भाजीपाला, फळे व प्रथिने फारच कमी आढळली. प्राण्यांवर प्रयोग करून, यीस्टचा अर्क असलेले ‘मार्माइट’ त्यांनी रुग्ण स्त्रियांना दिले. त्यांचे रक्त झपाट्याने सुधारले. महागड्या उपचारांच्या मानाने हा उपाय स्वस्त होता. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अर्कातील गुणकारी घटक मात्र अज्ञातच होता. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले. १६ एप्रिल १९६४ रोजी विल्सबाई निवर्तल्या. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगे पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींना लोहाबरोबर हीच गोळी मोफत मिळते.

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एक गोष्ट घ्यावी : आहार हा उपचाराचाच भाग आहे. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णालाही अन्न लागतेच. प्रकृती साथ देत असेल, तर नळीवाटे ते पहिल्या २४ ते ४८ तासांत सुरू करावे, असे आजचे शास्त्र सांगते. धुळे असो वा जळगाव, रुग्णाच्या पोषणाची चौकशी करणारा डॉक्टर सर्वत्र हवा.

पालकांनीही आपल्या घरात पाहावे. खानदेशात मेथी, पालक, डाळी व कळण्याची भाकरी दुर्मीळ नाही. परंतु सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या ताटात त्यातले किती येते? गरोदर लेकी-सुनांना गोळ्या वेळेवर मिळाव्यात आणि ताटही भरलेले मिळावे. मुंबईच्या त्या मातांच्या आजाराने शिकविलेला धडा तेव्हाच आपल्या घरी पोहोचला, असे म्हणता येईल.