कै. ताराबाई शिंदे

आपल्या वऱ्हाडातील थोर पुरुषांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु याच मातीतील एका निर्भीड लेखिकेचे नाव आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. कै. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्या मराठा कुळातील, आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्याही उंबरठ्याच्या आतला आहे, म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत नोकरीस असून महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीच्या हाती पाटी देणे हेच ज्या काळी धाडस गणले जाई, त्या काळी या कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी या भाषांचे शिक्षण मिळाले. विवाहानंतर त्या सासरी गेल्या नाहीत; जावईच घरी येऊन राहिले. त्यांना अपत्य झाले नाही.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात फाशी टळली व पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. परंतु या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या शीलावर टीका झाली. ती ताराबाईंस साहवली नाही. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतला. प्रती पाचशे व किंमत नऊ आणे.

त्यांचा मुख्य प्रश्न साधा होता. बायको वारली की पुरुष लागलीच दुसरी करतो, वय झाले तरी कोवळी मुलगी पाहतो. मग पती वारल्यावर स्त्रीनेच जन्मभर कोपऱ्यात का बसावे? जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? सावित्री पतीसाठी यमाच्या दारी गेली. पत्नीसाठी त्या वाटेने कोणी पुरुष गेल्याचे ऐकिवात आहे काय? १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली होती, पण कायदा कागदावर राहिला आणि रूढी घरात. हा जाच केवळ ब्राह्मणांपुरता नसून कुलीन मराठ्यांतही शिरला आहे, हे त्यांनी आपल्याच समाजास स्पष्ट सुनावले.

या लेखनावर टीका झाली. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्या निवर्तल्या. निबंधही विस्मृतीत गेला. पुढे १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी तो पुनः प्रकाशात आणला.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एक पत्नी हयात असता दुसरी करण्यास बंदी झाली. विधवेच्या वाटेत कायद्याची आडकाठी तर त्यापूर्वीच नव्हती. तरीही अमरावती व अकोला येथील मंडळींसाठी वधुवर-सूची तयार करताना आम्हांस ताराबाईंचा प्रश्न वारंवार आठवतो. दोन मुलांचे विधुर वडील निःसंकोचपणे प्रथमवधूची अपेक्षा लिहून देतात. विधवा भगिनीचे नाव आलेच, तर भाऊ ते दबल्या आवाजात सांगतो आणि सूचीत छापू नका, असेही बजावतो.

दोष इतरांचाच आहे असे नव्हे. आमचा पुतण्या विधुर झाला, तेव्हा वर्ष सरण्यापूर्वीच आम्ही त्याच्यासाठी स्थळे पाहत मूर्तिजापूर, अकोट फिरलो. धाकट्या बंधूंची कन्या विधवा होऊन चार वर्षे झाली; तिला पुन्हा संसार करावयाचा आहे काय, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही. आयुष्यभर मुलांना तुलनेची गणिते शिकविली, पण घरातील तुलना दिसली नाही. ताराबाईंचे चरित्र लिहावयास बसलो, तेव्हा लेखणी अडली. उठून प्रथम तिला विचारले. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग तिने स्वतःच्या हाताने अर्ज भरला.

तिचे नाव यंदाच्या सूचीत आहे, आणि ते दबल्या आवाजात घेतलेले नाही. ज्ञातिबांधवांनीही आपापल्या घरी एकदा विचारून पाहावे, ही नम्र विनंती.