टिळकांनी चाल बदलली

बँकेच्या नोकरीत मी तीन वर्षे बीड जिल्ह्यात, नगरच्या बाजूच्या एका गावी होतो. आमचे हेड कॅशियर तिथल्या चर्चमधल्या गायनाचे प्रमुख. नाताळ जवळ आला की शनिवारी संध्याकाळी तालीम असे. मला थोडीफार पेटी येते म्हणून ते मलाही ओढून नेत.

एका शनिवारी तालीम पार विसकटली. इंग्रजी चालीवरचे गीत. गिटारवाला पोरगा पुढे धावत होता आणि सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बाया दर ओळीला मागे राहत होत्या. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा मी पेटीवरूनच ओरडलो. एक आजीबाई उठल्या, पदर सावरला आणि दाराकडे निघाल्या. कॅशियरसाहेब कुणालाच काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटली, टाळ उचलले आणि रेव्हरंड टिळकांचा एक अभंग धरला. आजीबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि तिथूनच त्यांनी दुसरी ओळ उचलली.

त्या रात्रीपासून मी नारायण वामन टिळक वाचू लागलो. शाळेत त्यांची फुलामुलांची कविता होतीच; हा माणूस मात्र ठाऊक नव्हता.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लवकर गेली. घर सुटले. नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झाले, पण एका गावी, एका नोकरीत पाय टिकेना. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घरात केवढा आकांत झाला असेल! लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे दूर राहिल्या. मग नगरला त्यांच्याजवळ आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये (शहराचे नाव आता अहिल्यानगर) टिळकांचे खरे काम उभे राहिले. मंडळीत बरीचशी गीते इंग्रजीवरून भाषांतरित आणि विलायती चालीवर बेतलेली. ओवी म्हणत दळणाऱ्या बाईच्या गळ्यात ती चाल बसायची कशी? मराठी शब्दाचा आघात एकीकडे, सुराचा दुसरीकडे. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती पदे आणि कीर्तने आधी रचली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, भजन, पद, जे गावाच्या कानात आधीपासून होते, त्यातच त्यांनी ख्रिस्त गायला. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात सुमारे ७०० गीते होती. त्यांतली २५० हून अधिक एकट्या टिळकांची.

गाणारा चुकतो तेव्हा गाणेच चुकीचे असू शकते, हे त्यांना कळले होते. मला नव्हते.

पण टिळक शांत स्वभावाचे होते, असे कुणी समजू नये. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सांगायला नकोच. क्षणात संताप, क्षणात डोळ्यांत पाणी, हातातला पैसा कुणालाही देऊन मोकळे. या माणसाबरोबर संसार करणे हीच एक अवघड तालीम होती, आणि ती त्या माउलीने हसत लिहून ठेवली. त्याच तापट माणसाच्या घरात बालकवी मुलासारखे राहिले, हेही खरे.

१९०४ मध्ये ते रेव्हरंड झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळू लागले. मात्र १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिले, आणि स्वतः कीर्तनालाही उभ्या राहिल्या.

आजीबाई पुढच्या शनिवारी आल्या आणि थेट माझ्या पेटीशेजारी बसल्या. काय बोलावे सुचेना, म्हणून त्यांचाच सूर विचारला. उन्हाळ्यात माझी बदली झाली. माफी मागायची राहूनच गेली.